तारखेची स्केच डायरी: पेन्सिलवाल्यांनी घ्या, जलरंगवाल्यांनी जपून

चित्र काढणं सुटलेल्या माणसाला पुन्हा रोज कागदापाशी बसवणं, एवढंच या डायरीचं काम, आणि ते ती चोख करते. वेष्टनावर मात्र त्याचं श्रेय तारखांना आणि रोजच्या विषयांना दिलंय. मला ते पटलेलं नाही. खरं श्रेय पानाच्या आकाराचं.

पान ए५, म्हणजे १४८ बाय २१० मिलिमीटर. वरच्या कोपऱ्यात तारीख, खाली एका ओळीत विषय. दोन्ही वगळून जी जागा उरते ती रात्री झाकपाक उरकल्यावर, झोप यायच्या आत भरून होते. मी दिवसभर हिशेबाच्या रकान्यांत डोकं घालून बसणारी बाई. माझ्याकडे जाड कॉटन कागदाचं एक भारी पॅड वर्षानुवर्षं कोरं पडून आहे, कारण त्यावर काढायचं म्हणजे काहीतरी 'चांगलं' काढायला हवं असं वाटतं. इथे तसलं दडपण नाही. बिघडलं तर बिघडलं, उद्याचं पान आहेच.

विषयांचं म्हणाल तर निम्मे टाकाऊ आहेत. 'स्वातंत्र्य', 'आनंद', 'प्रवास'. दमलेल्या माणसाने रात्री 'स्वातंत्र्य' काय काढायचं? उडता पक्षी काढून मोकळं व्हायचं. पण एका पानावर नुसतं 'किल्ल्या' असं होतं, आणि त्या दिवशी खरी मजा आली. किल्ल्यांची कडी आपण रोज हाताळतो, पण ती एकच गोल नसते, तार दोनदा फिरवलेली असते आणि तिची दोन्ही टोकं कुठे संपतात हे रेष ओढायला घेतल्याशिवाय दिसत नाही. किल्लीचे दातेही मी आधी अंदाजाने काढले, ते सगळे सारखेच आले. मग किल्ली दिव्याखाली धरून एकेक खाच बघत काढली, तेव्हा कुठे ती माझ्या कपाटाची किल्ली दिसायला लागली. असे वस्तूंचे विषय जास्त हवे होते. आता मी नको असलेला विषय सरळ खोडते आणि टेबलावर जे असेल ते काढते.

कागद १२० जीएसएम, म्हणजे एका चौरस मीटरचं वजन १२० ग्रॅम. एचबीपासून ४बीपर्यंत पेन्सिल छान चालते. त्याहून मऊ आणि गडद ६बी समोरच्या पानावर उमटते, मध्ये बटर पेपर ठेवा. पिगमेंट शाईचं फाइनलायनर, म्हणजे बारीक टोकाचं पेन, मागे फुटत नाही. अल्कोहोल मार्कर मात्र थेट पलीकडे उतरतो. जलरंगाचा ओला वॉश, म्हणजे भरपूर पाण्यातला पातळ थर, दिला की कागदाला लाटा येतात. त्यात कागदाची चूक नाही, त्या कामाला ३०० जीएसएमच लागतो. वेष्टनावर ब्रशचं चित्र छापलंय ही मात्र चक्क फसवणूक. रंगांशिवाय करमतच नसेल तर गुआश वापरा. तो जलरंगासारखाच पाण्यात कालवायचा रंग, पण अपारदर्शक असतो, कमी पाण्यात भागतं, आणि खालची फसलेली रेषही झाकते.

जाता जाता एक. जुन्या ट्यूबमध्ये जलरंग दगड झाले असतील तर फेकू नका. ट्यूब उभी कापा, खडा बाहेर काढून रिकाम्या डबीत ठेवा, वर पाण्याचे थेंब सोडा. जलरंगात डिंक असतो, त्यामुळे रंग पुन्हा विरघळतो. माझा अल्ट्रामरीन निळा असाच परत मिळाला. ॲक्रिलिकचं तसं नाही, ते वाळलं की संपलं.

शिवण दोऱ्याची आहे, डायरी टेबलावर सपाट उघडी राहते, हाताने दाबून धरावी लागत नाही. यासाठी पूर्ण गुण.

आता तारखा. एक दिवस चुकला की ते पान कोरं राहतं आणि पुढे प्रत्येक वेळी पानं उलटताना थकलेल्या हप्त्यासारखं समोर येतं. वर शेवटी सलग दिवस मोजायच्या चिकटपट्ट्या दिल्यात! त्या मी पहिल्याच आठवड्यात भाच्याला दिल्या. सुरुवातीची 'माझी कलात्मक ध्येये' वगैरे पानंही मी रेषांच्या सरावाला लावली: उभ्या, आडव्या, मग न थांबता गोल. हात सैल व्हायला तो वापर उत्तम. चुकलेल्या तारखेवर आता मी कागदी टेप चिकटवते आणि पुढच्या मोकळ्या पानावर काढते.

पाचपैकी साडेतीन. हीच बांधणी, हाच आकार आणि बिनतारखेची पानं असलेली वही मिळाली तर ती आधी घ्या.