चित्राखालची पांढरी पट्टी: इन्स्टॅक्स मिनी १२, मुंबईच्या भिंती आणि हायकू

फुजीफिल्म कंपनीचा, २०२३ साली बाजारात आलेला आणि टिपलेले चित्र लगेच फिल्मच्या छोट्या तुकड्यावर बाहेर काढून देणारा इन्स्टॅक्स मिनी १२ हा कॅमेरा सहसा वाढदिवसासाठी, साखरपुड्यासाठी किंवा महाविद्यालयातल्या निरोप समारंभासाठी घेतला जातो, आणि दुकानदारही तो त्याच कौतुकाने दाखवतात. प्रस्तुत परीक्षण मात्र निराळ्या उपयोगापुरते आहे. शहरातली भित्तिचित्रे आणि झाडेपाने टिपायची व त्याच तुकड्यावर तीन ओळींची कविता लिहायची, एवढाच माझा हेतू होता. या हेतूने पाहता निव्वळ सुबक छायाचित्रे हवी असतील तर हा कॅमेरा घेऊ नये. चित्राखालच्या पांढऱ्या पट्टीसाठी मात्र तो जरूर घ्यावा, असे माझे मत झाले आहे.

या पट्टीविषयी थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे. मिनी फिल्मचा तुकडा ८६ × ५४ मिलिमीटरचा, म्हणजे जवळपास एटीएम कार्डाएवढा असतो. त्यात प्रत्यक्ष चित्राला ६२ × ४६ मिलिमीटर जागा मिळते आणि तळाशी सुमारे दीड सेंटीमीटर कोरे उरते. त्यात देवनागरीच्या तीन ओळी कशाबशा मावतात, कारण वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या एकमेकांत अडकतात. चारोळी लिहू गेल्यास चौथी ओळ चित्रावर चढते. कवयित्री शिरीष पै यांनी मराठीत रुजवलेला हायकू हा तीन ओळींचा जपानी काव्यप्रकार मात्र या जागेत नेमका बसतो. कागद गुळगुळीत असल्यामुळे जेल पेनाची शाई फिसकटते आणि बॉलपेन अडखळते. स्टेशनरीच्या दुकानात सीडी मार्कर म्हणून मिळणारा बारीक टोकाचा पर्मनंट मार्कर या कामाला उत्तम आहे. खाडाखोडीला वाव नसल्याने ओळी आधी वहीत जुळवाव्या लागतात, आणि जागेच्या टंचाईमुळे विशेषणे आपोआप गळून पडतात. कवितेच्या दृष्टीने हा फायदाच म्हणायचा.

आता भिंतींकडे वळू. वांद्र्याच्या रानवार गावठाणातला चॅपल रोड भित्तिचित्रांसाठी प्रसिद्ध आहे. चित्रकार रणजित दहिया यांनी २०१२ साली सुरू केलेल्या बॉलिवूड आर्ट प्रोजेक्टमधली हिंदी सिनेमाच्या नटनट्यांची चित्रे या परिसरात पाहायला मिळतात. रस्ता अरुंद आहे, मागे सरकावे तर पाठ समोरच्या घराच्या पायरीला लागते, आणि या कॅमेऱ्याला झूम नाही की रुंद कोन नाही. त्यामुळे अख्खी भिंत चौकटीत घेण्याचा हट्ट सोडून एखादा डोळा, पदराची कड, रंगाखालून डोकावणारी वीट असे तुकडे निवडावे लागतात. पावसाळ्यानंतर तर हे तुकडेच अधिक बोलके होतात. एका चित्राखाली मी लिहिले:

ओल चढली भिंतीवर
पोपडे गळून गेले
नटीचे हसू राहिले

याउलट वांद्रे रेक्लमेशनजवळच्या एमटीएनएलच्या इमारतीवर २०१४ साली रंगवलेले दादासाहेब फाळके यांचे चित्र इतके भव्य आहे की ते बऱ्याच दूरवरून घ्यावे लागते, आणि मग एवढ्याशा चौकटीत त्यातला भव्यपणाच उरत नाही. अशा चित्रांसाठी मोबाइल बरा. आणखी एक गोष्ट विकत घेण्यापूर्वी ध्यानात ठेवावी. कॅमेरा सरळ धरला की चित्र उभे येते आणि पट्टी खाली राहते. भित्तिचित्रे मात्र बहुधा आडवी असतात, आणि कॅमेरा आडवा केला की पट्टी बाजूला जाते. मग एका ओळीत एक-दोन शब्द, अशी उतरंड रचण्यावाचून गत्यंतर नसते. माहीम पूर्वेला निवासी इमारतींच्या उंच भिंती रंगवलेल्या आहेत, त्या उभ्या चौकटीत अधिक शोभतात.

फ्लॅशबद्दल माझी तक्रार नाही, पण कल्पना दिली पाहिजे. या मॉडेलमध्ये फ्लॅश बंद करण्याची सोयच ठेवलेली नाही. त्याचा प्रभाव जेमतेम दोन मीटरपर्यंत पोहोचत असल्याने लांबच्या भिंतीला फरक पडत नाही. जवळच्या ऑइलपेंटवर मात्र पांढरा डाग उठू शकतो, म्हणून समोरून न घेता किंचित तिरके उभे राहावे. भर दुपारच्या उन्हात पांढरी भिंत आणि काळी सावली या दोहोंचे तपशील एकत्र सांभाळणे कोणत्याही इन्स्टंट फिल्मला जडच जाते. सकाळी नऊच्या आत किंवा ढगाळ दिवशी निघावे.

निसर्गासाठी मी धारावीलगतचे, मिठी नदीकाठचे महाराष्ट्र निसर्ग उद्यान निवडले. आज जिथे दाट झाडी आहे तिथे पूर्वी शहराचा कचरा टाकला जात असे. त्या जमिनीवर माती पसरून झाडे लावली गेली आणि सुमारे ३७ एकरांचे हे उद्यान १९९४ साली लोकांसाठी खुले झाले. इथे कॅमेऱ्याची मर्यादा आणि खुबी दोन्ही स्पष्ट दिसतात. भिंगाची नळी फिरवून जवळच्या चित्रणाची सोय सुरू केली की ३० ते ५० सेंटीमीटरवरची वस्तू ठळक येते. याआधीच्या मिनी ११ पेक्षा नेम धरणे सोपे झाले आहे, कारण या स्थितीत डोळ्याला दिसणारी चौकटही त्या बेताने सरकते. तरीही फुलपाखराचा नाद करू नये. महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू असलेले नीलवंत इतक्या जवळ थांबत नाही, आणि थांबलेच तरी फ्लॅशच्या उजेडात त्याच्या पंखांचा मखमली काळा रंग हवा तसा उतरण्याची खात्री नाही. झाडाच्या खोडावरची बुरशी, शेवाळ, जाळीदार झालेले पान, मुंग्यांची वाट हे विषय या भिंगाला मानवतात. खोडाला लगडलेल्या उंबरांच्या चित्राखाली हे आले:

उंबराचे झाड
मुळाशी जुना कचरा
वर पाखरांचे बिऱ्हाड

चित्र पूर्ण उमटायला सुमारे दीड मिनिट लागते. तुकडा हवेत हलवून काही लवकर उमटत नाही, तेवढ्या वेळात पहिली ओळ सुचते का ते पाहावे.

खर्चाचा मुद्दा टाळता येणार नाही. कॅमेरा एकदाच घ्यायचा असतो, फिल्म मात्र सतत लागते. एका पाकिटात दहाच तुकडे असतात आणि एका चित्राच्या किमतीत दोन वडापाव सहज येतात. बॅटरीचा त्रास नाही, दोन साधे पेन्सिल सेल बराच काळ चालतात. फिल्म घेताना वापराची अंतिम तारीख पाहावी आणि उन्हाळ्यात ती गाडीत ठेवून जाऊ नये. निगेटिव्ह नसल्याने प्रत एकच, तेव्हा कुणाला देऊन टाकण्यापूर्वी मोबाइलवर तिची नोंद करून ठेवणे शहाणपणाचे. ज्यांना वाया जाणारा एकही तुकडा परवडणार नाही, त्यांनी याच फिल्मवर मोबाइलमधली चित्रे छापणारा इन्स्टॅक्स मिनी लिंक हा छोटा प्रिंटर पाहावा. पट्टी तीच मिळते, चित्र आधी निवडता येते आणि फाळके यांच्यासारखी अवाढव्य भित्तिचित्रेही नीट बसवता येतात. मला स्वतःला मात्र निवडीची ही मुभा नसलेलीच बरी वाटते, कारण ती मिळाली की मी मोबाइलमध्येच घुटमळत राहतो आणि लिहायचे राहून जाते.

साठवणीसाठी महागड्या खास अल्बमची गरज नाही. व्हिजिटिंग कार्डे ठेवायच्या साध्या फोल्डरच्या कप्प्यात हे तुकडे बरोबर बसतात. फक्त मार्करची शाई पूर्ण वाळल्याशिवाय आत सरकवू नयेत आणि पावसाळ्यात फोल्डर भिंतीला टेकवून ठेवू नये.