काशीत ‘लॉकर फ्री है’ आणि संकल्पातला आकडा

दशाश्वमेध घाटावर स्नान करून वर येताना कपाळाला गंध लावायला कुणी पुढे आलं, की दोन मिनिटांत तुमच्या ओंजळीत पाणी, अक्षता आणि फूल असतं. नाव, गोत्र, आईवडिलांची नावं विचारून झाली की ‘मागून म्हणा’ सुरू होतं. त्याच सुरात मध्येच ‘ब्राह्मणभोजनार्थ एकवीसशे रुपये’ येतं आणि यजमान तेही म्हणून मोकळा होतो. पाणी सुटलं की मग, ‘गंगेत उभं राहून बोललात, आता मोडलंत तर पितरांना लागेल.’ सोबत म्हातारी आई असेल तर घासाघीस संपलीच. समोरचा मराठीत बोलतो, ‘आपल्याच महाराष्ट्राचा’ म्हणतो, यावरही जाऊ नका.

पाणी हातात घेण्याआधी एकच विचारा: सामान आणि दक्षिणा धरून एकूण किती? मध्येच नवा आकडा आला तर तो उच्चारू नका, पुढचा मंत्र येईपर्यंत गप्प राहा. घरचे परंपरेने ठरलेले तीर्थोपाध्याय असतील तर निघण्याआधीच त्यांच्याशी फोनवर बोलून घ्या.

फसवणुकीची दुसरी जागा म्हणजे विश्वनाथ मंदिराच्या गल्ल्या. आत मोबाइल नेता येत नाही, त्यामुळे गेट नंबर 4 कडे जाताना दुकानादुकानांतून ‘लॉकर फ्री है’ ऐकू येतं. फोन आणि चपला आत जातात, हातात दूध, बेल, माळ, पेढ्यांची टोपली येते. भाव विचारला तर ‘पहले दर्शन कर लीजिए’. परतल्यावर टोपलीचा भाव तो सांगेल तो, आणि फोन त्याच्या कपाटात. टोपली घेतानाच भाव ठरवा, किंवा सरळ फोन खोलीवर ठेवून या. हेच उत्तम, पण कुटुंबाने चुकामूक झाल्यास भेटायची जागा आधी ठरवावी.

‘व्हीआयपी दर्शन करवतो’ म्हणणाऱ्याला रोख देऊ नका. सशुल्क सुगम दर्शन मंदिर न्यासाच्याच संकेतस्थळावर आणि काउंटरवर मिळतं, त्याची पावती मिळते. पावती नसेल तर तो दलाल.

मणिकर्णिका या स्मशानघाटावर स्वतःला सेवेकरी म्हणवणारा माणूस चिता दाखवत वर नेतो, लाकडाचा किलोचा भाव सांगतो आणि ‘गरिबाच्या चितेसाठी’ अमुक किलोचे पैसे मागतो. फोटो काढला असेल तर पोलिसांची भीती घालतो. चितेचे फोटो काढूच नयेत, ते वेगळं. पण असा माणूस सोबत चालू लागला तर थांबू नका.

नावेत बसण्यापूर्वी भाडं माणशी की पूर्ण नावेचं, आणि कुठून कुठपर्यंत, हे विचारा.

भक्तनिवास, धर्मशाळा शोधताना नेटवर दिसणारे नंबर बऱ्याचदा भामट्यांचे असतात. खोलीचे पैसे एखाद्या व्यक्तीच्या नावाच्या क्यूआर कोडवर मागितले तर तिथेच बोलणं थांबवा. पैसे गेलेच असतील तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करा. तक्रार जितकी लवकर, तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त. नंबर लावताना यूपीआयचा व्यवहार क्रमांक आणि स्क्रीनशॉट हाताशी ठेवा.