आमच्या नातीचं टीदर: फ्रिजमधलं, फ्रीजरमधलं नाही

दात येणाऱ्या बाळासाठी टीदर, म्हणजे हिरडीनं चावायचं खेळणं, घेणार असाल तर आत पाणी किंवा जेल भरलेलं घेऊ नका, अखंड सिलिकॉनचं घ्या. भरलेलं टीदर चावून चावून फाटतं आणि आतलं सगळं बाळाच्या पोटात जातं. दिवसभर नात माझ्याकडे असते, त्यामुळे तिचं टीदर, म्हणजे सिलिकॉनची ही कडी, रोज माझ्याच हाताखाली असते.

जाड कडी, मधे मोठं भोक. एका बाजूला बारीक गाठी, दुसरी बाजू गुळगुळीत. कुठे सांधा नाही, चिकटवलेला मणी नाही, घुंगरू नाही. बाळाच्या मुठीत नीट बसते, पण अख्खी तोंडात जात नाही. मला हीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते.

थंड करायची ती फ्रिजमध्ये. झाकणाच्या डब्यात घालून खालच्या कप्प्यात ठेवते, अर्ध्या तासात छान गार होते. पाकिटावर ‘फ्रीजरमध्येही चालेल’ असं छापलंय, ते मला अजिबात पटलेलं नाही. फ्रीजरमध्ये उणे 18 अंश असतं. इतकी गोठलेली वस्तू सुजलेल्या हिरडीला खुपते आणि ओल्या ओठाला चिकटते. हिरडीची शिवशिव कमी व्हायला फ्रिजचा थंडावा पुरतो.

कडी हातात दिली की नात आधी गुळगुळीत बाजू चोखते. मग स्वतःच फिरवून गाठींची बाजू खालच्या हिरडीवर घेते, बरोबर जिथे दाताची कळी टोचतेय तिथे, आणि जबडा डावी-उजवीकडे घासते. हनुवटीवरून लाळ ओघळते, कपाळावरची आठी हळूहळू सुटते. तोवर मी लाळ टिपत राहते, नाहीतर गळ्याच्या वळीत पुरळ उठतं. किरकिर अगदीच वाढली तर हात स्वच्छ धुऊन बोटानं हिरडी हलकेच चोळते. त्यानंही तिला बरं वाटतं.

कमतरता आहेतच. सिलिकॉन गारवा फार वेळ धरत नाही, काही मिनिटांत कडी कोमट होते. म्हणून दोन घ्या, एक हातात, एक फ्रिजमध्ये. शिवाय खाली पडली की सतरंजीचा प्रत्येक केस तिला चिकटतो. आणि वासाच्या साबणानं धुतली तर तो वास जाता जात नाही. बिनवासाचा साबण वापरा, भरपूर पाण्यानं खळखळून धुवा.

दोन कड्या घ्यायच्या नसतील तर स्वच्छ सुती फडकं घ्या. एक टोक पाण्यात बुडवून पिळायचं, फ्रिजमध्ये गार करायचं, कोरडं टोक बाळाच्या मुठीत द्यायचं. थंडाव्यात ते कडीच्या तोडीस तोड आहे. फक्त दर वेळी धुतलेलं फडकं हवं, आणि कडी असो की फडकं, मोठं माणूस जवळ बसलेलं हवं.

गारेगार गाजराचा किंवा काकडीचा तुकडा मात्र हातात देऊ नका, तुकडा मोडून घशात अडकतो. हिरडी बधिर करणारं जेलही नको. त्यातल्या बेंझोकेन या औषधामुळे रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद धोकादायकरीत्या कमी होऊ शकते. 2 वर्षांखालच्या मुलांना ते लावू नका, असा इशारा एफडीएनं, म्हणजे औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या अमेरिकेच्या सरकारी संस्थेनं, 2018 साली दिला. दात येताना गळ्यात घालायच्या मण्यांच्या माळांबद्दलही त्याच वर्षी त्यांनी बजावलं: माळेचा फास बसतो, मणी सुटून घशात जातो. कुणी प्रेमानं आणली तरी घालू नका.

अंग किंचित कोमट लागणं वेगळं. पण ताप 38 अंश किंवा त्याच्या वर असेल, तर ‘दात येतायत’ म्हणून कडी हातात देऊन बसू नका, डॉक्टरांना दाखवा.

ही कडी पुढच्या दातांसाठीच उत्तम आहे. वर्ष उलटल्यावर दाढा येऊ लागतात, तिथवर ती पोचत नाही. तेव्हा लांबट आकाराचं टीदर लागेल. ते घेताना दांड्याला रुंद आडवी पट्टी आहे ना, दांडा घशापर्यंत जाणार नाही ना, एवढं हातात धरून बघा.