पेन क्लिनिक: हात लावण्याआधी विचारणारी जागा

गेलं दीड वर्ष मी एका पेन क्लिनिकमध्ये, म्हणजे वेदनेवर उपचार करणाऱ्या विभागात, जाते आहे, त्याबद्दल लिहिते. मला सीआरपीएस आहे, म्हणजे कॉम्प्लेक्स रीजनल पेन सिंड्रोम: दुखापत भरून आल्यावरही त्या हाताचं किंवा पायाचं दुखणं न थांबण्याचा आजार. हे नाव ज्यांच्या केसपेपरवर आहे, आणि ज्यांच्या दुखण्याला अजून नावच मिळालेलं नाही, त्या सगळ्यांना उपयोग व्हावा ही इच्छा. क्लिनिक एका मोठ्या रुग्णालयाचा भाग आहे. तक्रारीही लिहायच्या आहेत म्हणून नाव देत नाही. पाचापैकी चार गुण.

मी शिवणकाम करते. जिन्यावरून पडून उजव्या मनगटाचं हाड मोडलं, सहा आठवडे प्लास्टर होतं. तिसऱ्या आठवड्यात प्लास्टरच्या आत आग व्हायला लागली. हाडाचं दुखणं मला ओळखता येत होतं. हात हलला की कळ यायची, स्थिर ठेवला की शमायची. हे दुखणं तसं नव्हतं. हात उशीवर निपचित असतानाही भाजल्यासारखं व्हायचं आणि मधूनच कोपरापर्यंत सणक जायची. प्लास्टर काढलं तेव्हा हात सुजलेला, जांभळट, चकचकीत, तळव्याला सतत घाम. पंख्याचा वारा लागला तरी जीव कळवळायचा. चादर नको, बाही नको. ज्या हाताने इतकी वर्षं कापड पारखलं त्या हाताला मलमलही सोसेना.

एक्स-रेत हाड मात्र छान जुळलेलं. त्यामुळे पुढचे सात महिने जाईन तिथे ऐकलं, "हाड जुळलंय, आता दुखायचं काही कारण नाही." एकीकडे हात बर्फात बुडवून ठेवायला लावला, त्या रात्री मी झोपले नाही. दुसरीकडे मला बाहेर बसवून नवऱ्याला विचारलं, "घरात काही ताणतणाव आहे का?" ते बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहराच सांगत होता. मला सगळ्यात जास्त ते लागलं. दुखतंय मला, आणि खरं-खोटं विचारतात दुसऱ्याला.

क्लिनिकमधल्या पहिल्या भेटीत डॉक्टरांनी हात आधी नुसता पाहिला. दोन्ही हात टेबलावर शेजारी शेजारी ठेवायला सांगितले आणि बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "हात लावू का? कुठे लावलेला चालेल, कुठे नको?" सात महिन्यांत असं कुणी विचारलं नव्हतं. मला रडू आलं. त्यांनी घाई केली नाही.

मग त्यांनी ड्रॉवरमधून टेप काढली, अगदी माझ्या गळ्यात असते तशी. मनगटाभोवती, तळव्यावरून तिरकी, परत मनगटाकडे, अशी आठच्या आकड्यासारखी गुंडाळून दोन्ही हातांची मापं घेतली. मोजमाप माझं रोजचं काम. टेप किती सैल धरायची, कुठून सुरू करायची, हे मला कळतं. ते नीट माप घेत होते. उजवा हात पावणेदोन सेंटीमीटर जास्त भरला आणि तो आकडा त्यांनी माझ्यासमोर कागदावर लिहिला. मग हाताच्या मागच्या बाजूने दोन्हीकडची ऊब तपासली, नखं पाहिली (उजव्या हाताची नखं भरभर वाढत होती, हे मी कुणाला सांगायचंही सोडलं होतं), बोटं कुठवर मिटतात ते मोजलं.

या आजाराला रक्ताची तपासणी नाही. एक्स-रे, एमआरआय नॉर्मल आले म्हणून तो नाही असं म्हणता येत नाही. निदानाची पद्धत बुडापेस्ट निकष म्हणून ओळखली जाते, कारण ती २००३ साली बुडापेस्टला झालेल्या तज्ज्ञांच्या बैठकीतून आली. मूळ दुखापतीच्या मानाने न बसणारी, न थांबणारी वेदना हवी. शिवाय चार गट असतात: स्पर्शाची संवेदना, त्वचेचा रंग व तापमान, सूज व घाम, आणि हालचाल, नखं, केस. त्यांपैकी तीन गटांतल्या तक्रारी रुग्णाने सांगितलेल्या हव्यात, निदान दोन गटांतल्या खुणा डॉक्टरांना त्या दिवशी दिसायला हव्यात, आणि या सगळ्याचं दुसरं कारण सापडायला नको. हे मी पाठ केलं आहे. कारण पुढे जेव्हा जेव्हा कुणी म्हणालं की हे कशावरून, तेव्हा सांगायला माझ्याकडे काहीतरी होतं.

डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट सांगितली. १८६० च्या दशकात अमेरिकेच्या यादवी युद्धात सायलस वेअर मिचेल नावाच्या डॉक्टरांनी मज्जातंतूला गोळी लागलेले सैनिक पाहिले. जखम भरून गेल्यावरही त्यांच्या हाताची आग थांबत नसे आणि ते हाताला सतत ओलं फडकं गुंडाळून ठेवत. त्या फडक्याची गोष्ट ऐकून मला फार धीर आला. मीही तेच करत होते आणि घरात लपवत होते.

आता नर्सिंगबद्दल. इथल्या सिस्टर या क्लिनिकचा खरा कणा आहेत. "दहापैकी किती दुखतंय?" हा प्रश्न सगळीकडे विचारतात. मी ताठ बसून, डोळ्यांत पाणी न आणता "आठ" म्हणायचे आणि समोरच्याचा विश्वास उडालेला मला दिसायचा. महिनोन् महिने दुखणारा माणूस दर मिनिटाला विव्हळत नाही, हे दवाखान्यात काम करणाऱ्या अनेकांच्या लक्षात येत नाही. सिस्टरनी सांगितलं, आकड्याच्या जोडीला काम सांगा. "आठ, म्हणजे आज कात्री धरता येत नाही आणि रात्री तीनदा उठले." तेव्हापासून मी असंच सांगते, आणि लोक मान वर करून ऐकतात.

शब्दही त्यांनीच मागितले. १९७५ साली मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड मेलझॅक यांनी वेदनेच्या शब्दांची प्रश्नावली केली, तिच्यात ७८ शब्द २० गटांत मांडले आहेत. सिस्टर म्हणाल्या, तुम्ही तुमच्या शब्दांत सांगा. मग आम्ही लिहून काढलं. ठणका वेगळा, ठसठस वेगळी. कळ येते आणि जाते. आग राहते. सणक कोपरापर्यंत धावते. मुंग्या बोटांच्या टोकांना. यातलं कुठलं कधी, हे महिनाभर वहीत लिहिल्यावर औषध रात्री किती वाजता घ्यायचं ते ठरलं. त्या आधी सगळ्याला मिळून "दुखतंय" एवढंच म्हणत होते मी, आणि ऐकणारेही तेवढंच लिहीत होते.

थेरपी सावकाश चालते. सुरुवातीला हातांचे फोटो दाखवून उजवा की डावा विचारायचे. सोपं वाटेल, पण उजवा हात ओळखायला मला डाव्यापेक्षा जास्त वेळ लागायचा. या आजारात असं होतं. मग हालचाल नुसती मनात करायची. मग आरसा: उजवा हात आरशाच्या मागे, डावा पुढे, आणि आरशात बघत डावा हलवायचा. त्याबरोबर कापडाचे तुकडे हातावरून फिरवायचे, मऊपासून खरखरीतपर्यंत. ऑक्युपेशनल थेरपिस्टनी आणलेले तुकडे बघून मी म्हटलं, मॅडम, यांचा क्रम चुकलाय, हे साटीन धाग्याच्या उलट बाजूने जास्त टोचतं. त्यांनी पिशवी माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "मग तुम्हीच लावा क्रम." सात तुकडे मी निवडले. त्या दिवशी मी पेशंट कमी आणि शिंपीण जास्त होते.

तक्रारी. वेटिंगमध्ये खुर्च्यांच्या बरोब्बर वर एसीचा झोत येतो. वारा सोसत नाही अशा लोकांच्या क्लिनिकमध्ये! तीनदा सांगितलं, तीनदा "हातावर शाल घ्या" असं उत्तर मिळालं. चार पानांचा फॉर्म हाताने भरावा लागतो. थेरपिस्ट आठवड्यातून दोनच दिवस असतात. आणि याच इमारतीत एक्स-रे विभागात गेले तर तिथे माझी फाइल दिसत नाही. तिथल्या मुलाने हात धरून सरळ केला तेव्हा मी किंचाळले. त्याची चूक नाही, त्याला कुणी कळवलंच नव्हतं. एक गुण यासाठीच कापला आहे.

हे दुरुस्त करायला सिस्टरनी मला क्लिनिकच्या शिक्क्याचं एक पान करून दिलं. आजाराचं नाव, उजव्या हातावर शक्यतो बीपी, सुई, सलाइन नको, बर्फ नको, स्पर्शाआधी विचारा, औषधांची यादी, क्लिनिकचा नंबर. आणि एक ओळ मला फार महत्त्वाची वाटते: रंग बदलणं व सूज नेहमीची आहे, पण ताप, जखम किंवा नवीन बधिरपणा आला तर तपासा. म्हणजे सगळं सीआरपीएसच्या नावावर खपवलं जाऊ नये.

पान रक्त तपासणीला उपयोगी पडलं, दातांच्या डॉक्टरांकडे पडलं. पण एका रात्री मूतखड्याने कळा आल्या आणि दुसऱ्या एका रुग्णालयाच्या इमर्जन्सीत गेले, तेव्हा पान पर्समध्ये होतं आणि बीपीचा पट्टा उजव्या दंडावर चढलासुद्धा. हात तीन दिवस पेटलेला होता. औषधांची यादी वाचून तिथले डॉक्टर म्हणाले, "एवढी दुखण्याची औषधं? सवय लागली आहे का?" मी आडवी पडून क्लिनिकचा नंबर दाखवत राहिले. कुणी फोन केला नाही.

पुढच्या भेटीत हे सांगितल्यावर सिस्टर म्हणाल्या, घाईत माणूस कागद बघत नाही, दंड बघतो. म्हणून मी घरी मशीनवर डाव्या हाताने कापड सरकवत केशरी जाड कापडाचा पट्टा शिवला. दंडावर स्पर्श चालतो मला. त्यावर मोठ्या अक्षरांत: "या हातावर बीपी, सुई नको. आधी विचारा." त्यानंतर चार वेळा तपासणीला गेले. तीन वेळा समोरच्याने पट्टा वाचून आपणहून डावा हात मागितला. चौथ्या वेळी पट्टा सोडून बाजूला ठेवला आणि त्याच जागी बीपीचा पट्टा बांधायला घेतला. मी मोठ्याने "थांबा" म्हटलं. थांबले.

कुणी मला विचारलं की जाऊ का, तर हो, जा. फोन करतानाच थेरपिस्टचे दिवस विचारून घ्या, फॉर्म आधी घरी मागवून दुसऱ्याकडून भरून घ्या, आणि प्लास्टरमध्येच आग व्हायला लागली असेल तर महिने घालवू नका. आंतरराष्ट्रीय वेदना संघटनेने २०२० साली वेदनेची व्याख्या सुधारली, तिच्यासोबतच्या टिपांमध्ये लिहिलं आहे की माणूस दुखतंय म्हणाला तर त्याच्या म्हणण्याचा मान ठेवावा. क्लिनिकने मला त्याची प्रत दिली आहे. ती मी पानाच्या मागे चिकटवली आहे.

औषधाने आग निम्म्यावर आली आहे, सकाळी मात्र डोकं जड राहतं. कात्री वीस मिनिटं धरता येते. सातपैकी पाच तुकडे हातावर चालतात. सहावी उलट्या लवेची मखमल आहे, सध्या ती सुरू आहे.