टांझानियातला फिटर, हिंगणघाटातून पगार: ईओआर सेवा एक हंगाम वापरल्यावर

आमचं काम जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या, मशिनींचे सुटे भाग आणि दुरुस्तीचं. हिंगणघाटच्या जिनिंग दसरा-दिवाळीला सुरू होतात आणि ऊन तापायला लागलं की थंडावतात. टांझानियात याच्या उलट. व्हिक्टोरिया सरोवराच्या दक्षिणेकडच्या म्वान्झा-शिन्यांगा पट्ट्यात कापूस मे-जूनमध्ये निघतो आणि जिन पावसाळाभर चालतात, म्हणजे आपल्याकडच्या पावसाळाभर. आधी इकडचाच मिस्त्री पाठवायचो. पण तिथे वर्क परमिट वेगळं, रेसिडेन्स परमिट वेगळं, आणि रोलर बंद पडलेलं गिऱ्हाईक परमिटची वाट पाहत बसत नाही. म्हणून तिथलाच फिटर ठेवला.

तिथे आमची कंपनी नाही. मग 'एम्प्लॉयर ऑफ रेकॉर्ड', म्हणजे ईओआर घेतला. कागदोपत्री मालक ते, काम सांगणारे आम्ही. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही.

जमेची बाजू आधी सांगतो, कारण ती खरंच मोठी आहे. करारनामा तिथल्या कायद्यात बसणारा आणि शिलिंगमध्ये. महिन्याला २,७०,००० शिलिंगपर्यंत आयकर नाही, त्यावर टप्प्याटप्प्याने वाढत ३० टक्क्यांपर्यंत जातो, आणि कापलेला कर पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत भरावा लागतो. आपल्या पीएफसारखं तिकडे एनएसएसएफ, दोन्हीकडून मिळून २० टक्के. कामगार नुकसानभरपाई निधीचा अर्धा टक्का मालकाकडून. यातली एकही तारीख चुकली नाही. वर्षाची रजा २८ दिवसांची, पण सलग मोजतात, मधले रविवार आणि सण त्यातच. हे करारावर सही करण्याआधी त्यांच्या माणसाने फोनवर नीट समजावलं होतं, त्यामुळे रजा हंगामाबाहेर ठेवता आली.

आता पैशाचं. जाहिरातीतली महिन्याची फी म्हणजे खर्चाचं नुसतं तोंड. एक गंमत पहा: तिथे कौशल्य विकासाची एक लेव्ही, म्हणजे पगारावरचा कर, आहे, ती १० किंवा जास्त कामगार असणाऱ्या मालकाला लागते. आमचा माणूस एकच, पण कायद्याने मालक ईओआर, आणि त्यांच्याकडे माणसं भरपूर. म्हणून ती लेव्ही आमच्या बिलात. चूक कोणाचीच नाही, पण कोटेशनमध्ये ती ओळ नव्हती. शिवाय सुरुवातीलाच डिपॉझिट. बिल डॉलरमध्ये, पगार शिलिंगमध्ये, खातं आमचं रुपयात. दोन वेळा पैसा बदलतो आणि दोन्हीकडे थोडा थोडा झिरपतो. त्यात आमच्या सीएंनी पूर्ण बिलावर १८ टक्के जीएसटी रिव्हर्स चार्जने, म्हणजे सेवा देणाऱ्याऐवजी आम्हालाच, भरायला लावला. क्रेडिट मिळतं, पण रोख आधी जाते. कास्तकारांचे पैसे अडकलेले असताना जिनिंगवाले आमची बिलं किती वेळ थांबवतात, हे या धंद्यातल्या माणसाला सांगायला नको.

खरा त्रास झाला तो ओव्हरटाइमचा. हंगामात जिन रात्रंदिवस चालते. तिथे ओव्हरटाइम दीडपट, आणि चार आठवड्यांत ५० तासांच्या वर घेता येत नाही. सणाच्या दिवशी काम केलं तर बेसिकच्या दुप्पट. ८ ऑगस्टला त्यांचा शेतकरी दिन, 'नाने नाने', सार्वजनिक सुट्टी. आपल्या पोळ्याच्या आधी येते. त्या दिवशी आमचा फिटर रोलरच्या खाचा पाडत होता. तास मी वेळेत चढवले, पण ईओआरच्या पोर्टलमध्ये सुट्टीच्या कामाचा वेगळा रकानाच नव्हता, सगळं दीडपटीत गेलं. महिनाअखेर त्याने पगारपत्रकाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला, त्या ओळीभोवती पेनाने गोल केलेला, खाली एकच प्रश्नचिन्ह. फरक मिळाला, पण पुढच्या महिन्यात. कारण महिन्याच्या मध्यावर पगाराची फाइल बंद होते आणि त्यानंतरचं सगळं पुढे ढकललं जातं. ऑफिसात बसणाऱ्या माणसाला हे चालेल. ज्याच्या कमाईचा मोठा भाग ओव्हरटाइमचा, त्याला नाही चालत, आणि फोन मलाच येतो, त्यांना नाही.

आणखी एक, विकणारे हे हळू बोलतात. ईओआर घेतला म्हणजे पगाराचे आणि कामगार कायद्याचे कागद सुटले, एवढंच. तिथला माणूस आमच्या वतीने सौदे ठरवायला लागला, तर आमचा तिथे कायमचा ठिय्या आहे असं धरून तिथलं कर खातं आमच्या नफ्यावर हात ठेवू शकतं. म्हणून आमचा फिटर दुरुस्ती करतो, भाव सांगत नाही. भाव हिंगणघाटातूनच जातो.

एक-दोन माणसांसाठी ही सेवा परवडते, पाच-सहा झाली तर तिथे स्वतःची कंपनी काढण्याचा हिशोब मांडून पाहावा. करार आम्ही वाढवला आहे. या वेळी दोन गोष्टी लेखी घेतल्या: जून ते ऑक्टोबर फाइल २५ तारखेला बंद होईल, आणि बिलावर त्या दिवशीचा विनिमय दर वेगळा छापून येईल. पहिलं बिल आलं, दर छापलेला आहे.