लॅपटॉप चांगला, पण 'नो फॉल्ट फाउंड'ने जीव खाल्ला

मशीन चांगलं आहे हे आधीच सांगते, नाहीतर पुढचं वाचून गैरसमज व्हायचा. कीबोर्डवर दिवसभर टायपिंग केलं तरी बोटं दुखत नाहीत, स्क्रीन खिडकीशेजारीही नीट वाचता येते, बॅटरीही अजून धरून आहे. पंखा जरा बडबड्या, पण त्याची सवय होते. हे लिहायला घेतलं ते सपोर्टमुळे. स्पेसिफिकेशनच्या तक्त्यात त्याचा रकाना नसतो.

काही महिने सुरळीत गेले आणि मग लॅपटॉप अधूनमधून फटकन बंद पडायला लागला. निळी स्क्रीन नाही, कसली सूचना नाही. टायपिंग चालू असताना एकदम काळोख. कधी दिवसातून दोनदा, कधी आठवडाभर काहीच नाही. इव्हेंट व्ह्यूअर (विंडोजची घडामोडींची नोंदवही) उघडला की तीच नोंद: कर्नल-पॉवर, इव्हेंट आयडी ४१. या नोंदीचा अर्थ एवढाच, की विंडोज नीट शटडाउन न होता पुन्हा सुरू झालं. का, ते ती सांगत नाही. पण तिच्या तपशिलात 'बगचेककोड' नावाचा आकडा असतो आणि माझ्याकडे तो दर वेळी शून्य. म्हणजे विंडोजला स्वतःचा क्रॅश नोंदवायलाही फुरसत मिळालेली नाही. वीज तुटली किंवा मशीन जागच्या जागी गोठलं. अशा वेळी संशय आधी हार्डवेअरवर जातो.

स्क्रीनशॉटसकट हे सगळं चॅटवर दिलं. उत्तर आलं: "गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. कृपया पॉवर बटण तीस सेकंद दाबून ठेवा." ठेवलं. मग ड्रायव्हर अपडेट, मग बायोस (मशीन सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट, मग बायोसच्या सेटिंग डीफॉल्टवर. हे उपाय बिनकामाचे नाहीत. बऱ्याच लॅपटॉपमध्ये बटण दाबून धरल्यावर एम्बेडेड कंट्रोलर (वीज आणि चार्जिंग सांभाळणारी चिप) रीसेट होतो आणि चार्जिंग न होण्याची, चालूच न होण्याची कितीतरी दुखणी तेवढ्यानेच जातात. राग याचा, की पुढच्या वेळी नवा एजंट यायचा आणि पुन्हा पॉवर बटणापासून श्रीगणेशा. केस नंबर तोच, आधीचा सगळा संवाद त्याच्यासमोर, तरीही! मध्येच एकदा मेल आला, 'आपल्याकडून प्रतिसाद न मिळाल्याने केस बंद करत आहोत'. शेवटचा मेल माझाच होता.

पुढची पायरी होती विंडोज नव्याने टाकण्याची. त्याआधी मी पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवून पाहिलं. विंडोजचा संबंधच उरला नाही. काही तास व्यवस्थित गेले आणि मग तशीच काळी स्क्रीन. रॅम तपासणाऱ्या मेमटेस्ट८६चे चारही पास (फेऱ्या) स्वच्छ निघाले, म्हणजे रॅमवरचा संशयही बराचसा मिटला. उरला मदरबोर्ड. हे मुद्देसूद लिहून पाठवलं तर उत्तर काय यावं? "या मॉडेलवर लिनक्सला सपोर्ट नाही." अहो, मला लिनक्स वापरायचंच नव्हतं!

शेवटी मशीन सर्व्हिस सेंटरला दिलं. परत आलं तेव्हा जॉबशीटवर तीन शब्द: नो फॉल्ट फाउंड. चौकशी केली तेव्हा कळलं, कंपनीचं डायग्नोस्टिक चालवलं, सगळीकडे 'पास' आलं, केस संपली. माझ्या मते खरी गोम इथे आहे. ही चाचणी कायम हजर असलेला बिघाड पकडते: फुटलेली स्क्रीन, मेलेला पोर्ट, डिस्कचा खराब सेक्टर. चार दिवसांतून एकदा उगवणारा बिघाड अर्ध्या तासात सापडला तर तो योगायोगच. आणि मशीन 'पास' झालं की पुढच्या प्रत्येक एजंटला आयतं उत्तर मिळतं: सेंटरने तर तपासलंय.

अधूनमधून येणारा बिघाड भल्याभल्यांना चकवतो. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरचं प्रकरण आठवा. गेम बंद पडताना मेसेज यायचा व्हिडिओ मेमरी संपल्याचा, त्यामुळे लोक ग्राफिक्स कार्डाच्या मागे लागले. गरजेपेक्षा जास्त व्होल्टेजमुळे प्रोसेसरच खराब होताहेत, हे कंपनीने जाहीर केलं २०२४च्या जुलैत, आणि पाठोपाठ वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. माझ्या लॅपटॉपचा त्याच्याशी संबंध नाही, पण 'आमच्या चाचणीत दिसत नाही' आणि 'बिघाड नाही' यांत किती अंतर असतं ते त्यातून कळतं.

माझ्या बाबतीत चाक हललं ते व्हिडिओमुळे. काम करताना फोन स्टँडवर लावून रेकॉर्डिंग चालू ठेवायची, आणि एकदा तो क्षण सापडला: चार्जरचा दिवा चालू, स्क्रीन काळी, पंखा थांबलेला. सोबत इव्हेंट व्ह्यूअरमधल्या तारीख-वेळांची यादी जोडली आणि मेलमध्ये एवढंच लिहिलं, की केस वरच्या लेव्हलला द्या आणि मशीन निदान दोन दिवस लोडवर, म्हणजे जड काम देऊन, चालवून बघा. या वेळी उत्तर देणारी व्यक्ती वेगळी होती. तिने एकच प्रश्न विचारला, बॅटरीवरही होतं का? होतं. मदरबोर्ड मंजूर.

आता बोर्ड बदलण्याबद्दल, कारण हे आधी कोणी सांगत नाही. बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क एन्क्रिप्शनची) किल्ली ज्या टीपीएम नावाच्या सुरक्षा-चिपमध्ये असते ती चिप बोर्डावरच असते. बोर्ड बदलला की मशीन सुरू होताना ४८ आकडी रिकव्हरी की मागतं. माझी मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये सेव्ह होती म्हणून डेटा वाचला. बऱ्याच नव्या लॅपटॉपमध्ये हे एन्क्रिप्शन आपोआप चालू झालेलं असतं, तेव्हा मशीन दुरुस्तीला देण्याआधी की शोधून कागदावर उतरवून ठेवा.

दुसरी भानगड सिरियल नंबरची. नव्या बोर्डाच्या बायोसमध्ये तो तंत्रज्ञाने कंपनीच्या टूलने भरायचा असतो. माझ्याकडे राहून गेला होता. त्यामुळे कंपनीचं अपडेट ॲप मशीन ओळखेना, आणि त्याच ॲपमधून वॉरंटी बघितली तर 'प्रॉडक्ट सापडत नाही'. मशीन परत घेताना सहीच्या आधी बायोस उघडून तिथला नंबर आणि तळाच्या स्टिकरवरचा नंबर जुळवून बघा, जॉबशीटवर 'बोर्ड बदलला' असं स्पष्ट लिहून घ्या. बदललेल्या भागाची वॉरंटी किती, तेही लेखी मागा. अनेक कंपन्या मूळ वॉरंटीचा उरलेला काळच देतात, आणि बदली भाग रिफर्बिश्ड (जुना, दुरुस्त केलेला) असू शकतो हेही अटींत असतं.

बोर्ड बदलल्यापासून ४१ नंबरची नोंद दिसलेली नाही. हेच मॉडेल घ्यायचं असेल तर ऑनसाइट (तंत्रज्ञ घरी येतो त्या) वॉरंटीसकट घ्या, नुसती कॅरी-इन (मशीन आपणच सेंटरला न्यायचं ती) असेल तर मी दुसरं काहीतरी बघेन. मशीनला पाचपैकी चार तारे. सपोर्टला एक, तोही बॅटरीबद्दल विचारणाऱ्या त्या एका व्यक्तीसाठी.