सात महिने, अकरा ट्रेक: व्हिडिओ बघून बांधलेली शिदोरी

जूनच्या पहिल्या पावसापासून डिसेंबरअखेरपर्यंत अकरा ट्रेक झाले. सगळे सकाळी निघून संध्याकाळी परतायचे: राजगड दोनदा, तोरणा, लोहगड-विसापूर, कोरीगड, हरिहर, कळसूबाई आणि घराजवळच्या काही टेकड्या. यंदा ठरवलं होतं की पाठीवरचं ओझं कमी करायचं, आणि खाण्याची तयारी ऑनलाइन व्हिडिओ बघून शिकायची. पहिलं जमलं. दुसऱ्याने मात्र फार मनस्ताप दिला.

आधी ओझ्याचं सांगते. दिवसभराच्या चढाईला मी तीन लिटर पाणी घेते, म्हणजे तीन किलो तिथेच झाले. त्यात काटकसर करायची नाही, ऑक्टोबरच्या उन्हात तर मुळीच नाही. उरतं ते खाणं. पहिल्या ट्रेकला पोळ्या, बटाट्याची भाजी आणि दहीभात असा तीनपुडी स्टीलचा डबा नेला होता. घरी काट्यावर ठेवला तर एक किलो चारशे ग्रॅम! शिजवलेल्या भाताच्या 100 ग्रॅममध्ये जेमतेम 130 कॅलरी असतात, कारण त्यात दोन तृतीयांश पाणीच असतं. तेवढ्याच वजनाच्या शेंगदाण्यांत 560 च्या आसपास. पाणी भातातून वाहून नेण्यापेक्षा बाटलीतून नेलेलं बरं, निदान तहान लागल्यावर पिता तरी येतं.

मग गुळाची दशमी शिकायचं ठरवलं. दशमीचं पीठ पाण्याऐवजी दुधात भिजवतात, त्यामुळे ती मऊ राहते आणि प्रवासात टिकते, एवढं लहानपणापासून ऐकलं होतं. प्रमाण हवं होतं. जो व्हिडिओ सापडला तो चौदा मिनिटांचा. पहिली अडीच मिनिटं नुसती गप्पांत गेली, मग जाहिरात. साहित्य खाली लिहिलंय असं सांगितलं, खाली काहीच नव्हतं. दूध किती, तर ‘अंदाजाने’. पाच सेकंद मागे जायचं तर पिठाच्या हाताने स्क्रीनला बोट लावायचं, आणि तेवढ्यात फोन लॉक झालेला असायचा. रात्रीचे अकरा वाजले होते, पहाटे साडेपाचला निघायचं होतं. उकळत्या दुधात गूळ घातला की दूध फाटतं, हे त्या चौदा मिनिटांत कुठेच नव्हतं. माझं फाटलं. अर्धा लिटर दूध गेलं आणि त्या दिवशी बिस्किटांवर राजगड चढले.

सगळेच व्हिडिओ तसे नाहीत, हेही सांगायला हवं. तिखटमिठाच्या पुऱ्यांचा एक चार मिनिटांचा मिळाला, त्यात फक्त हात दिसतात, संगीत नाही, प्रत्येक जिन्नस पडताना त्याचं माप अक्षरांत येतं. पुरी किती जाड लाटायची हे वाचून कळलं नसतं, ते बघूनच कळलं. व्हिडिओचं काम हेच आहे असं मला वाटतं: हाताची हालचाल दाखवणं. मापं, वेळा, पायवाटेची वळणं लिहूनच द्यायला हवीत.

पायवाटेचाही अनुभव आहे. राजगडाच्या वाटेचा व्हिडिओ आदल्या रात्री डाउनलोड करून ठेवला होता. पायथ्याच्या गुंजवणे गावात रेंज नव्हती, आणि ॲप म्हणालं की आधी इंटरनेट जोडा. गावातल्या एका काकांनी हाताने वाट दाखवली म्हणून गडाच्या चोर दरवाज्याच्या बाजूला नीट लागलो. तेव्हापासून वाटेच्या खुणा कागदावर लिहून, प्लास्टिकच्या पिशवीत घालून नेते.

आणखी एक गोष्ट मला मनापासून खटकते. ‘ट्रेकचं हलकं खाणं’ म्हणून शोधलं की गडावर स्टोव्ह मांडून नूडल्स शिजवणारेच दिसतात. स्टोव्ह, गॅस, पातेलं, जास्तीचं पाणी, हे हलकं कसं? डिसेंबरात गवत वाळून कडकडीत झालेलं असतं, एका ठिणगीने डोंगर पेटतो. ते करू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आता शिदोरीत काय उरलं? तीन दशम्या, लसूण-खोबऱ्याची कोरडी चटणी, मूठभर गूळ-दाणे, सहा खजूर, एक लिंबू आणि मीठ-साखरेची पुडी. सगळं सुती फडक्यात बांधून चारशे ग्रॅमच्या आत. घाम खूप येतो तेव्हा मीठ विसरायचं नाही. खाकरा पावसाळ्यात चामट होतो, राजगिऱ्याच्या लाडवाचा सॅकमध्ये भुगा होतो, चुरमुरे हलके खरे पण जागा खातात आणि तासाभरात परत भूक लागते. काकडी जड असूनही नेते, माथ्यावर पोहोचल्यावर तिच्यासारखं काही नाही. हरिहरला फडकं उघडायच्या आधी माकडं बघून घ्या, पिशवीचा आवाज त्यांना लांबून कळतो. रविवारी राजगडावर गावातल्या मावशी ताक आणि झुणका-भाकर घेऊन बसतात, तेव्हा दशमी एकच नेते आणि जेवण त्यांच्याकडे करते.

दशमीचं प्रमाण शेवटी चार वेळा करून बसवलं. दोन वाट्या कणीक, अर्धी वाटी चिरलेला गूळ, दोन चमचे तूप, चिमूटभर मीठ, थोडी वेलची. दूध उकळून कोमट होऊ द्यायचं, मग त्यातल्या अर्ध्या वाटीत गूळ विरघळवायचा आणि त्यात कणीक घट्ट भिजवायची, लागलंच तर आणखी दोन चमचे दूध. मंद आचेवर तूप सोडून भाजायची, गुळामुळे चटकन करपते. सहा होतात, मला आणि मैत्रिणीला पुरतात.